‘जुन्या’ नव्या गावात घर घ्यावं का?

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई इंग्लंडमध्ये स्थायिक झालेत. सध्या ते डॉर्सेटमध्ये, डॉर्चेस्टर शहराला लागून असलेल्या पाउंडबरीत घर बघताहेत. फोटोंत गाव दोन-तीनशे वर्षांचं वाटतं, पण बांधकाम 1993 साली सुरू झालंय म्हणे. बहिणीचा मुलगा आर्किटेक्ट आहे. तो म्हणाला, “मावशी, ते गाव नाही, नाटकाचं नेपथ्य आहे. खोट्या जुनेपणाला पैसे मोजू नका.” मुलीला मात्र तिथल्या गल्ल्या फार आवडल्यात, पुढचं दार पिवळं रंगवायचं, इथपर्यंत तिचं ठरलंय. आम्ही दोघं लवकरच तिकडे जातोय. भाच्याचं ऐकावं का? आणि घर बघायला गेलोच तर नेमकं काय बघावं?

उत्तर : भाच्याच्या बोलण्यात तथ्य आहे, पण तो बोट भलतीकडे दाखवतोय. काल बांधलेल्या घराने आजोबांचा कोट का घालावा, हा आक्षेप पाउंडबरीवर पहिल्यापासून आहे आणि आर्किटेक्ट मंडळींत तो आजही हमखास ऐकू येतो. घर घेणाऱ्याच्या दृष्टीने मात्र चेहरा कोणत्या सालातला आहे हे दुय्यम. चेहरा जे सुचवतो ते त्याच्यामागे आहे का, एवढं तपासायचं. भिंत दिसते तशी टिकेल का, गल्ली दिसते तशी वापरता येते का, आणि उद्या गावात काही बदलायचं झालं तर ते कोणाच्या हातात आहे? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर फोटोत दिसत नाही, आणि लोक फसतात ते बहुतेक तिथेच.

आधी ‘नेपथ्य’ या आरोपाबद्दल. बाथ शहरातलं रॉयल क्रेसेंट आज इंग्लंडच्या अस्सल वारशात गणलं जातं. 1767 ते 1774 या काळात धाकट्या जॉन वुडने तिथे अर्धचंद्राकृती दर्शनी भिंत आखून दिली. गिऱ्हाइकाने त्या भिंतीचा आपला तुकडा घ्यायचा आणि मागचं घर आपल्या गवंड्याकडून हवं तसं बांधून घ्यायचं. त्यामुळे समोरून तीसही घरं एका साच्यातली दिसतात आणि मागे गेलं की कुणाचं छप्पर वर, कुणाचं खाली. रोमन धाटणीचे खांब इंग्रजी घरांना लावलेले. नेपथ्य म्हणायचं तर याहून मोठं नेपथ्य कोणतं? तरीही ते टिकलं, कारण त्या एकसारख्या चेहऱ्यामागे घर बदलायला मोकळीक होती. त्याच रांगेत आज राहती घरं आहेत, फ्लॅट आहेत, हॉटेल आहे आणि एक संग्रहालयही आहे. पोर्ट सनलाइट ही 1888 साली साबणाच्या कारखान्यातल्या कामगारांसाठी वसवलेली वसाहतही ट्यूडर काळाची, म्हणजे सोळाव्या शतकाची नक्कल करत उभी राहिली. आज तिथली घरं वारसा म्हणून जपली जातात. वारशाचा अस्सलपणा कशावरून ठरवायचा याबद्दल जपानमध्ये 1994 साली जो नारा दस्तऐवज तयार झाला, त्यातही साहित्य आणि रूप यांच्या बरोबरीने वापर, परंपरा, जागेचा परिसर यांना वजन दिलेलं आहे. ‘नवं बांधलंय आणि जुनं दिसतंय’ एवढ्यावर निकाल देता येत नाही तो यामुळे.

आता पाउंडबरी. डॉर्चेस्टरची वाढ पश्चिमेला व्हावी असं तिथल्या जिल्हा कौन्सिलने 1987 साली ठरवलं. ती जमीन डची ऑफ कॉर्नवॉलची, म्हणजे त्या वेळच्या युवराज चार्ल्स यांच्या इस्टेटीची. त्यांनी 1988 साली लक्झेंबर्गमध्ये जन्मलेले वास्तुकार लेऑन क्रिअर यांना आराखड्यासाठी बोलावलं. क्रिअर यांच्या आराखड्यातला खरा ऐवज खांब-कमानींत नाही. घरं, ऑफिसं, कारखाने, दुकानं एकमेकांत मिसळायची. 35 टक्के घरं परवडणाऱ्या गटातली ठेवायची आणि ती बाहेरून ओळखू येता कामा नयेत. इमारती आधी मांडायच्या आणि रस्ता त्यांच्यामधून काढायचा, हा तो ऐवज. सुरुवातीच्या वर्षांतच नाश्त्याच्या धान्यांचा एक कारखाना घरांच्या शेजारी आणून बसवला. इंग्लंडमधल्या नेहमीच्या नव्या वसाहतीत हे कोणी करायला धजत नाही.

भाचा बरोबर आहे तो नंतरच्या टप्प्यांबाबत. पहिल्या टप्प्यातली, पम्मरी स्क्वेअरच्या आसपासची घरं डॉर्सेटच्या गावांतली वाटतात: बुटकी, साधी, दगड, वीट आणि गिलावा यांची. पुढे गावाचा तोरा वाढला. 2016 साली खुल्या झालेल्या क्वीन मदर स्क्वेअरमध्ये स्ट्रॅथमोर हाउस नावाची राजवाड्यासारखी इमारत आहे आणि आत फ्लॅट आहेत. परगण्याच्या शहराच्या कडेला असा वाडा कोणत्याच शतकात उभा राहिला नसता. पाउंडबरीतल्या अग्निशमन केंद्राची जॉर्जियन, म्हणजे अठराव्या शतकातल्या इंग्लिश धाटणीची सजावटही टीकेचा विषय झाली होती. मुलीला पर्याय असेल तर जुन्या टप्प्याकडे झुकावं; त्याची आणखी कारणं पुढे येतीलच.

बघायला जाल तेव्हा खिशात मोजपट्टी ठेवा. भिंतीपासून सुरुवात करा.

जुन्या इंग्लिश घराची विटेची भिंत भरीव असते, 9 किंवा साडेतेरा इंचांची, चुन्याच्या मालात बांधलेली. आजच्या नियमांना लागणारी ऊब अशा भिंतीत राखणं जवळपास अशक्य, म्हणून नवं घर दुहेरी भिंतीचं असतं. बाहेर सुमारे 100 मिलिमीटर जाडीचा विटेचा किंवा दगडाचा पडदा, मध्ये 100 ते 150 मिलिमीटरची ऊबदार थराने भरलेली पोकळी, आणि आत ठोकळ्यांची किंवा लाकडी सांगाड्याची भिंत. म्हणजे दिसणारी वीट घराचा भार उचलत नाही. यात लबाडी काही नाही, उलट थंडीत बरंच. पण हा पडदा जुन्या भिंतीसारखा वागत नाही, आणि दुरुस्तीचा खर्च तिथून सुरू होतो.

भट्टीतून निघालेली वीट पुढची बरीच वर्षं किंचित फुगत राहते. चुन्याचा माल ती हालचाल पचवतो. सिमेंटचा माल ताठ असतो, तो पचवत नाही, म्हणून सिमेंटमधल्या भिंतीत साधारण 10 ते 12 मीटरवर जमिनीपासून छपरापर्यंत उभी फट ठेवतात आणि ती मऊ मसाल्याने भरतात. जुन्या चेहऱ्यात ही फट विजोड दिसते. मग ती लपवायला तिच्यासमोरून पावसाच्या पाण्याचा पाइप उतरवतात. तेव्हा लांब ओळीत घर असेल तर पाइपामागे डोकावून बघा. फटीतला मसाला कडक होऊन कडांपासून सुटलाय का? पंधरा-वीस वर्षांत तो बदलावा लागतो, त्यासाठी पाइप काढायचा, परांची बांधायची. फट दोन घरांच्या हद्दीवर असेल तर खर्च कोणाचा, हे आधीच विचारा. फट नसेल आणि भिंत लांब असेल तर माल चुन्याचा आहे का हे सर्व्हेअरने, म्हणजे खरेदीआधी घर तपासणाऱ्या तज्ज्ञाने सांगितलं पाहिजे. चुन्याचाही नाही आणि फटही नाही, अशी भिंत कोपऱ्याजवळ किंवा खिडकीच्या वरच्या टोकापासून जिन्यासारखी तडकते.

चुन्याचा सांधा साधारण सायीच्या रंगाचा असतो आणि त्यात वाळूचा कण दिसतो. रंग घातलेलं सिमेंटही तसं दिसू शकतं, म्हणून डोळ्यांवर विसंबू नका, बांधकामाचे कागद मागा. घर चुन्याचं निघालं तर मुलीला एक गोष्ट बजावून ठेवा: दरजा भरायला येणाऱ्या गवंड्याला सिमेंट वापरू देऊ नका आणि भिंतीला प्लास्टिकचा रंग लावू नका. चुन्याच्या सांध्यातून ओल बाहेर पडते. ती वाट बंद केली की ओल विटेतून निघायला बघते, हिवाळ्यात गोठते आणि विटेच्या तोंडाचे पापुद्रे सुटतात.

आता खिडकी. लंडनमध्ये 1709 च्या कायद्याने लाकडी खिडकी भिंतीच्या तोंडापासून 4 इंच आत बसवणं सक्तीचं केलं. कारण आगीचं होतं. ती चाल पुढे देशभर पसरली. जॉर्जियन घराला जी गंभीर सावली असते ती या 4 इंचांची. नकली घरात खिडकी भिंतीच्या तोंडाशी, 20-30 मिलिमीटरवर चिकटवलेली असते आणि सगळा चेहरा कागदी वाटतो. मोजा. 70 ते 100 मिलिमीटर खोली मिळाली तर बांधणाऱ्याने मन लावून काम केलंय असं धरायला हरकत नाही. शिवाय आत बसलेल्या लाकडाला पाऊस कमी लागतो. काचेवरच्या चौकटींच्या पट्ट्याही निरखा. आजच्या दुहेरी काचेत त्या बहुधा वरून चिकटवलेल्या असतात. कडा सुटल्या असतील तर बोटाने कळतं. लाकडी खिडक्यांना पाच ते आठ वर्षांनी रंग लागतो, दक्षिण आणि पश्चिम बाजूला लवकर.

खिडकीखालची दगडी किंवा काँक्रीटची पट्टी भिंतीच्या पुढे 40-50 मिलिमीटर आलेली हवी आणि तिच्या पोटाला आडवी खाच हवी. बोट खालून फिरवलं की लागते. पाणी त्या खाचेशी अडून खाली टपकतं. खाच नसेल तर ते पट्टीच्या पोटावरून मागे सरकत भिंतीला लागतं. अशा खिडकीखाली दोन्ही कोपऱ्यांशी काळपट-हिरवे ओघळ दिसतात. नव्या घरात हे कळत नाही. दहा-वीस पावसाळी हिवाळे खाल्लेल्या घरात लपून राहत नाही. जुन्या टप्प्यातलं घर बघा म्हणालो त्याचं हे एक कारण.

धुराडी. ब्रिटनमधल्या नव्या वसाहतींत छपरावर दिसणारी कित्येक धुराडी फायबरग्लासची असतात. कारखान्यात तयार होतात, क्रेनने उचलून लाकडी कैच्यांवर बसवतात, खाली शेगडी नाही की नळी नाही. पाउंडबरीतल्या ज्या घराचा विचार चाललाय तिथे कोणतं आहे ते माळ्यावर चढून बघता येतं: खाली विटांचा खांब आहे की कैच्यांवर बोल्टने आवळलेली पेटी? पेटी असली म्हणून घर नाकारायची गरज नाही. पण ती छपराला पाडलेलं भोक आहे, आणि भोकाच्या कडेचा शिशाचा पत्रा हीच गळतीची जागा. छपरातून बाहेर डोकावणाऱ्या दिखाऊ खिडक्यांचंही तेच. खरी खोली मागे असेल तर ओल आल्याचं त्याच आठवड्यात कळतं; मागे रिकामा अंधार असेल तर छताला डाग पडेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

काही नव्या गावांत बुजवलेल्या खिडक्याही हौसेने बांधतात. इंग्लंडमध्ये 1696 ते 1851 पर्यंत खिडक्यांवर कर होता, तो चुकवायला लोक खिडक्या बुजवत. ज्या खिडकीवर कधी कर लागलाच नाही ती जन्मतःच बुजवणं, याला मात्र भाच्याचा शब्द लागू करायला आमची ना नाही.

एक मोजमाप आतून घ्या: जमिनीपासून छतापर्यंतची उंची. जुन्या प्रतिष्ठित जॉर्जियन घरात मुख्य मजल्याची उंची 3 मीटरच्या पुढे असे आणि वरच्या मजल्यांवर ती उतरत जाई. खिडक्याही वर लहान होत जात. आज विकासक सगळ्या मजल्यांना 2.4 मीटर देतो. जॉर्जियन चेहरा 2.4 मीटरच्या मजल्यांवर ताणला की खिडक्या दबलेल्या, वरची कपाळपट्टी अरुंद आणि दार अवाढव्य दिसतं. ‘काहीतरी खटकतंय’ असं वाटतं आणि सांगता येत नाही, ते बहुतेक हेच असतं.

घरातून गल्लीत या. जुन्या धाटणीच्या बहुतेक नव्या वसाहती बिघडतात त्या इथे, कारण त्या घराचा चेहरा उचलतात आणि रस्त्याचा नियम मात्र नेहमीचा ठेवतात. समोरासमोरच्या खिडक्यांत 21 मीटर अंतर हवं, हा संकेत इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून रुजला. मूळ आकडा 70 फुटांचा, उद्यान-नगरांचे शिल्पकार रेमंड अन्विन आणि बॅरी पार्कर यांच्या काळातला. दोन मजली घराची पागोळी साधारण 5 मीटरवर असते. दोन बाजूंच्या घरांत 10-12 मीटर असतील तर गल्लीला ‘आत’ असल्याचं भान येतं. तीच घरं 21 मीटरवर नेली की मध्ये नुसतं मैदान उरतं आणि जुन्या गावाचा आभास तिथेच मोडतो. पाउंडबरीत हा नियम धीटपणे मोडलाय, आणि आमच्या मते गावाचं सगळ्यात अस्सल अंग तेच. अभियंता ॲलन बॅक्स्टर यांनी रस्ते असे वळवले की साधारण 60-70 मीटरवर एखादं वळण, इमारतीचा कोपरा किंवा चौक आडवा येतो. पुढचं दिसत नाही म्हणून चालक आपोआप ताशी 20 मैलांवर येतो. पाट्या आणि गतिरोधक फार लागत नाहीत. सरकारच्या 2007 सालच्या रस्ता-आखणीच्या पुस्तिकेतही हाच विचार आला. ताशी 20 मैलांना गाडी थांबायला 22 मीटर पुरतात, तेव्हा लांबलचक सरळ दृष्टी कशाला हवी, हा त्यामागचा साधा हिशेब.

मोजायचंच असेल तर गाडीरस्त्याची रुंदी मोजा: 4.1 मीटरमध्ये दोन मोटारी एकमेकींना पार करतात, मोटार आणि मोठा ट्रक यांना 4.8 लागतात, आणि आगीच्या बंबाला काम करायला 3.7 मीटर मोकळे हवेत. कोणी कडेला गाडी लावल्यावर हे 3.7 उरतात का?

गाड्यांसाठी घरांमागे अंगणं काढलेली असतात. कागदावर छान कल्पना. प्रत्यक्षात माणूस पिशव्या घेऊन येतो तेव्हा गाडी पुढच्या दाराशीच लावतो. म्हणून घर बघायला रात्री नऊला पुन्हा जा. पुढची गल्ली गाड्यांनी बुजलेली आणि मागचं अंगण रिकामं, अंधारं असेल तर ती आखणी फसली असं समजा. अंगणात एखाद-दुसरं राहतं घर उघडत असेल, दिवा असेल, खिडकी असेल, तर ते अंगण सुरक्षित राहतं. काही पाऊलवाटांवर खडी आहे. लहान मुलाची गाडी किंवा चाकाची खुर्ची ढकलायची वेळ आली तर ती चांगलीच जाणवते, आणि घरातही येते.

इथे पाउंडबरीची सगळ्यात मोठी कमतरता सांगायला हवी. पायी चालता येईल असं गाव हा तिचा दावा, पण पहिला टप्पा संपल्यावर केलेल्या पाहणीत तिथला मोटारींचा वापर आजूबाजूच्या ग्रामीण भागापेक्षाही जास्त आढळला होता. यात नवल नाही. गल्ली चालण्याजोगी असली तरी नोकरी वीस मैलांवर असेल तर गल्ली काय करणार? डॉर्चेस्टरची रेल्वे स्टेशनं गावाच्या मध्यापासून दीडेक मैलांवर आहेत. मुलगी आणि जावई रोज कुठे जातात, तिथे बसने किंवा रेल्वेने सकाळी आठला किती वेळ लागतो, हे त्यांनी एका कामाच्या दिवशी करून बघावं. शाळा, किराणा, पब हे मात्र गावातच आहे. डेमर्स फर्स्ट स्कूल 2017 साली पाउंडबरीत आलं, आणि क्वीन मदर स्क्वेअरमध्ये मोठं किराणा दुकान आहे.

चौकातल्या दुकानांवरून गावाची प्रकृती कळते. कोपऱ्यावरचं किराणा दुकान नुसत्या शेजाऱ्यांच्या जिवावर चालायला हजारभर घरं लागतात असा नियोजकांचा ढोबळ अंदाज आहे. त्यामुळे पहिल्या दोनशे घरांबरोबर दुकान उघडतं ते विकासकाच्या पदरच्या पैशावर, आणि पदर आवरला की बंद पडतं. चालू दुकानांत काय विकलं जातंय ते बघा. पाव, औषधं, चपला-दुरुस्ती, केस कापणं असेल तर गाव नांदतंय. सगळी नववधूंच्या पोशाखांची आणि घर-सजावटीची असतील तर गिऱ्हाईक बाहेरून मोटारीने येतंय.

गाव निव्वळ देखावा होऊन बसतं ते कसं, याची उदाहरणं जगात पुरेशी आहेत. फ्लोरिडातलं सीसाइड 1981 पासून 80 एकरांवर उभं राहिलं. वास्तुकार आंद्रेस द्वानी आणि एलिझाबेथ प्लेटर-झायबर्क यांनी त्याची नियमावली मोजक्या शब्दांत केली: उभ्या खिडक्या, पुढे ओसरी, शेजाऱ्यापेक्षा वेगळं कुंपण. घरं मन लावून बांधली, गल्ल्या उत्तम जमल्या, आणि गाव इतकं आवडलं की भाव चढून घरं सुट्टीत भाड्याने द्यायची झाली. शांघायजवळचं टेम्स टाउन 2006 च्या सुमारास तयार झालं. इंग्लिश चर्च, दगडी चौक, सगळं. घरं गुंतवणूक म्हणून घेतली गेली, कैक वर्षं रिकामी राहिली, आणि चौकात लग्नाचे फोटो काढणाऱ्यांचीच वर्दळ. दोन्हीकडे दोष कमानींचा नव्हता. तेव्हा मंगळवारी किंवा बुधवारी संध्याकाळी पाउंडबरीत फेरी मारा आणि किती खिडक्यांत दिवे आहेत ते बघा. शनिवारी दुपारी कोणतंही गाव गजबजलेलं दिसतं.

आणि आता कागद. बाकी सगळं चुकलं तरी दुरुस्त होतं. इथली चूक घर विकेपर्यंत सोबत राहते.

घर फ्रीहोल्ड, म्हणजे जमिनीसकट कायमच्या मालकीचं आहे हे ऐकून निर्धास्त होऊ नका. अशा वसाहतींत खरेदीखताला अटी जोडलेल्या असतात आणि त्या पुढच्या प्रत्येक मालकाला बांधतात. पाउंडबरीत त्या डचीच्या आहेत, शिवाय सामायिक जागांसाठी व्यवस्थापन कंपनी आहे आणि तिची वार्षिक वर्गणी. सॉलिसिटरकडून, म्हणजे खरेदीचं काम बघणाऱ्या वकिलाकडून, नेमकं एवढं लेखी मागवा: घरापुढचा रस्ता 1980 च्या महामार्ग कायद्यातल्या कलम 38 खाली कौन्सिलने ताब्यात घेतलाय का, सांडपाण्याची वाहिनी 1991 च्या जल उद्योग कायद्यातल्या कलम 104 खाली पाणी कंपनीकडे गेलीय का, आणि नसेल तर दुरुस्ती कोणाच्या माथी. कंपनीचे मागच्या तीन वर्षांचे हिशेब, दुरुस्तीसाठी साठवलेली शिल्लक, वर्गणी वाढवण्याचं सूत्र, आणि संचालक मंडळात रहिवाशांची मतं किती. वर्गणी जमिनीवरचा बोजा म्हणून लिहिलेली असेल तर ती थकल्यावर घरावर हात टाकायचा 1925 च्या मालमत्ता कायद्यातल्या कलम 121 चा अधिकार करारात वगळलाय का, हे विचारायला विसरू नका. तो उघडा असेल तर कर्ज देणारी संस्थाही अडून बसते.

शिल्लक निधीवर एवढा भर का, ते फ्लोरिडातल्या सेलिब्रेशनवरून कळेल. डिस्ने कंपनीने वसवलेल्या या गावात 1996 साली लोक राहायला आले. इमारती नामवंत वास्तुकारांच्या: टाउन हॉल फिलिप जॉन्सन यांचा, पोस्ट ऑफिस मायकल ग्रेव्ह्ज यांचं, चित्रपटगृह सेझर पेल्ली यांचं. 2004 साली गावाचा मध्यभाग एका गुंतवणूक कंपनीला विकला गेला. 2010 साली चित्रपटगृह बंद पडलं. दुकानांवरच्या फ्लॅटवाल्यांना गळकी छपरं आणि कुजलेलं लाकूड यांसाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. अख्खा चौक एकाच्या मालकीचा असला की तो एका सहीने विकलाही जातो. पाउंडबरीत तुम्ही बघताय त्या घराखाली दुकान असेल तर त्या दुकानाचा मालक कोण आणि छपराच्या दुरुस्तीत त्याचा वाटा किती, हे खरेदीआधी कागदावर हवं.

पिवळ्या दाराचं उत्तरही याच कागदांत आहे. बाहेरून दिसणाऱ्या बदलाला संमती लागते. पाउंडबरीच्या नियमांत रस्त्याकडच्या भिंतीवर डिश अँटेना, गॅसच्या नळ्या, मीटरच्या पेट्या असलं काही दिसू न देण्यावर कटाक्ष आहे. दार, खिडकी, मागची खोली वाढवणं, छपरावर सौर पॅनल या सगळ्यांची एकच यादी करून मुलीने आत्ताच, करारांची अदलाबदल होण्याआधी (सौदा कायद्याने पक्का होतो तो तेव्हा), सॉलिसिटरमार्फत विचारावं. उत्तराला किती दिवस लागतात, शुल्क किती, आणि नकार असेल तर कारण देतात का, हे बघा. अदलाबदल झाल्यावर विचारलं तर ‘नाही’ ऐकून गप्प बसण्यापलीकडे हातात काही उरत नाही. आमचा अनुभवी तर्क विचाराल तर रंगावर तडजोड निघते, सौर पॅनलवर आणि वाढीव खोलीवर जास्त ओढाताण होते. घर पंचवीस वर्षांसाठी घेताय, कुटुंब वाढेल, माणसं म्हातारी होतील. तेव्हा दाराच्या रंगापेक्षा तळमजल्यावर न्हाणीघर काढू देतात का, हा प्रश्न यादीत वर असू द्या.

भाच्याचं ऐकून घर सोडू नका, आणि मुलीचं ऐकून घाईही करू नका. नवं घर आणि पहिल्या टप्प्यातलं वापरलेलं घर यांत निवड असेल तर आम्ही वापरलेलं घ्या म्हणू. नव्या घराला सहसा दहा वर्षांची हमी असते: पहिली दोन वर्षं बांधणाऱ्याची, पुढची आठ मुख्यतः ढाच्यातल्या दोषांपुरती. पहिल्या टप्प्यातल्या घरांची ती केव्हाच संपली, पण जे तडकायचं, गळायचं, ओघळायचं ते एव्हाना दिसू लागलेलं असतं आणि त्यावर भाव तोडता येतो. त्यासाठी साधी पाहणी पुरणार नाही. लेव्हल 3 ची सविस्तर पाहणी सांगा, आणि सर्व्हेअरला तीन जागा नावानिशी लिहून द्या: धुराड्याच्या बुडाचा शिशाचा पत्रा, पाइपामागची उभी फट, आणि भिंतीमागे लपवलेली पन्हाळ असेल तर तिची बाहेर पडायची वाट. माळ्यावर जायची मालकाची परवानगी आधी घेऊन ठेवा, नाहीतर अहवालात ‘तपासता आलं नाही’ एवढंच लिहून येतं.